तोफखाना आणि डाळिंबराणी

माझी आई रोज दुपारी एका बैलाशी गप्पा मारते, ही बातमी तात्यांनी मला गोठ्यामागं नेऊन सांगितली.

मी नुकताच लोणी देवकरहून ड्युटी संपवून आलो होतो. (तिथल्या एका कंपनीत मी कॉम्प्युटरवर बसतो. काम आपलं आला माल, गेला माल एवढंच. पण आमच्या वरकुट्यात 'कॉम्प्युटरवर बसतो' म्हटलं की माणूस थेट इंटरनेटचा मालक ठरतो, आणि मीही कुणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत कधी पडलो नाही.)

"तात्या, जित्राबाशी बोलतीच की ती," मी म्हणालो.

"दावणीचा न्हाय रं! मोबाइलमधला! शिंगं रंगवलेला, पाठीवर झूल. आन नाव काय म्हाईत हाय? तोफखाना!"

वडील माझे शांत माणूस. ऊस पडला, मोटार जळली, तरी 'व्हतंय की' म्हणून तंबाखू मळणारे. पण त्या दिवशी चुना लावायचा विसरून त्यांनी नुसतीच तंबाखू तोंडात टाकली. मी हादरलो. कारण त्या मोबाइलमध्ये तो बैल सोडणारा मीच होतो.

झालं होतं असं. आईच्या हातात मोबाइल आला आणि तिला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत आलं. मी ताटावर बसलो की चौकशी सुरू.

"पकाश, ही ए-आय ए-आय म्हणत्यात ती काय रं?"

"आई, ती कृत्रिम बुद्धिमत्ता. काहीही विचारलं की उत्तर देते. सगळी कामं करते, थकत नाही, झोपत नाही, वर पगारही मागत नाही."

"मग नाव बरूबर हाय," आई भाकरी वाढत म्हणाली. "आयच की ती."

असं रोज! निवडणूक, लढाया, उपग्रह, कांद्याची निर्यात... शेवटी मी तिच्या मोबाइलवर लुडो घालून दिला. म्हटलं, सोंगट्यांत गुंतेल आणि मला जेवू देईल. तिला खरं नाव द्यायचं नव्हतं. ("इंटरनेटवर नाव दिलं की चोर घर हुडकत येत्यात," हे तिला मीच शिकवलेलं.) आमची डाळिंबाची बाग, म्हणून नाव ठेवलं 'डाळिंबराणी'. फोटोही डाळिंबाचाच. आणि 'जवळपासचे खेळाडू' हे बटण मी माझ्या या हातानं दाबलं. त्या जवळपासमधून बैलाचा फोटो लावलेला हा तोफखाना उगवला होता.

"वाच तू सोताच," म्हणत तात्यांनी चार्जिंगला लावलेला आईचा मोबाइल माझ्या हातात कोंबला. आई रानात गेली होती. मी वाचू लागलो. आईला टाइप करता येत नाही, ती बोलते आणि मोबाइल लिहितो. तोफखान्याचंही तसंच असावं.

तोफखाना : काल निसटलीस. आज तुला घरी जाऊ देणार न्हाय.

डाळिंबराणी : ये तर खरं. मी दारातच बसलीया.

तोफखाना : तुझ्याबिगर दुपार जात न्हाय बघ.

"आता बोल!" तात्या म्हणाले. "कुणाच्या दारात बसलीया ती?"

"तात्या, लुडोत घर असतं. सोंगटी घरात न्यायची असते."

"मग दुपार? दुपार बी लुडोत असती व्हय?"

मी पुढं वाचलं. मधेच देशोदेशीच्या लढायांवर चर्चा होती. आईनं म्हटलं होतं, 'तिकडं लढाई लागली की हितं आमची डाळिंबं बंदरात अडकत्यात. त्या दोघा राजांना एक लुडोचा पट द्यावा. काय मारामारी करायची ती पटावर करा म्हणावं.' त्यावर तोफखान्याचं उत्तर, 'बराबर. पण त्यातला एक चिडका निघंल आन पटच उधळंल.'

आणि त्याखाली एक प्रश्न. 'तुमची डाळिंबं तोडून झाली का?'

मी ताडकन उठलो. "तात्या, हा भामटा आहे! माहिती काढतोय!"

तात्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. बायकोच्या दोस्तापेक्षा भामटा त्यांना केव्हाही परवडणारा होता.

संध्याकाळी मी आईला आडून विचारलं, "आई, लुडोवर कोण कोण असतं गं?"

"असत्यात की गोरगरीब."

"त्या तोफखान्याचं खरं नाव काय?"

"मी कशाला इचारू? कुणाला काय इचारायचं न्हाय, काय सांगायचं न्हाय, असं तूच म्हणाला हुतास नव्हं? पण माणूस लई शहाणं हाय रं. माझं सगळं पटतं त्याला."

झालं! अशीच तर जाळ्यात ओढतात! माझी बायको वैशाली (ती आईला आत्या म्हणते) म्हणाली, "अहो, आत्यांना सरळ विचारा तरी, काय ते कळंल."

"वैशाली," मी म्हणालो, "हे टेक्निकल आहे."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आई रानात गेल्यावर मी तिचा मोबाइल घेतला आणि सापळा लावला. लिहिलं, 'महोदय, आपणांस प्रत्यक्ष भेटण्याची इच्छा आहे.'

पलीकडून लगेच उत्तर. 'महोदया, आमचीही तीच इच्छा आहे. कृपया स्थळ कळवावे.'

"बघितलंत तात्या? कालपर्यंत 'न्हाय, हाय' बोलणारा एकदम 'कृपया'वर आला! सराईत आहे!" (तुम्ही हुशार आहात, तुमच्या डोक्यात काहीतरी आलं असेल. माझ्या आलं नाही. मी कॉम्प्युटरवर बसतो.)

'इंदापूर एसटी स्टँड. उद्या सकाळी. ओळख पटावी म्हणून हाती डाळिंब असेल.'

'उत्तम. आमच्या हाती छत्री असेल.'

भामटा पकडायला अंगापिंडानं दणकट माणूस हवा म्हणून गणपतमामाला बोलावलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमच्या घरातलं एकमेव मोठं भांडण याच्याच नावानं चालू होतं. माझं लग्न वैशालीच्या माहेरी, बारामतीला झालं. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं माइकवाल्यानं पाव्हण्यांचं स्वागत सुरू केलं. खताच्या दुकानदाराचं स्वागत दोनदा झालं. एका पुढाऱ्याचं तर तो आलेला नसताना झालं. मामाचं नाव मात्र घेतलंच नाही! मामा जिलेबी खाऊन, पण मठ्ठा न पिता मांडवातून निघून गेला. (त्याच्या मते हा कडक निषेध होता.) त्या दिवसापासून माझी आई आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणतो, एकमेकींशी बोलत नव्हत्या. फोन आला की मधे वैशाली. "त्यांना इचार बऱ्या हायत का." "त्यांना सांग, बरीच हाय."

तर सकाळी आम्ही स्टँडवर पोचलो. मामाला मी रसवंतीमागं उभा केला. सूचना सोपी : छत्रीवाला दिसला की धरायचा. तात्यांना सांगितलं, संशय येईल असं इकडंतिकडं बघू नका. म्हणून ते बाकावर डोळे मिटून बसले. मी पांढरा शर्ट घालून, हातात हे एवढं डाळिंब धरून, सोलापूर गाडीच्या फलाटावर उभा राहिलो.

आणि समोरून आला कोण? माझा मेहुणा संदीप! बारामतीहून! मी मनात कपाळावर हात मारला. नेमका आजच हा कुठून तडमडला!

"काय दाजी! हितं कसं?" त्याचाही चेहरा पडला होता.

"आलो आपला असाच. डाळिंब खायला."

"स्टँडवर?"

"हवा चांगली असते." शेजारची गाडी तेवढ्यात काळा धूर सोडून गेली. "तू कसा काय?"

"मी बी असाच. ह्ये आपलं... फिरायला."

"छत्री घेऊन? आभाळ तर कोरडं ठणठणीत आहे."

"ऊन लागतंय दाजी."

"मग उघड की."

"लागलं की उघडतो."

आम्ही दोघं एकमेकांना घालवायला बघत होतो. मी म्हणालो, "तुला उशीर होईल, निघ." तो म्हणाला, "न्हाय न्हाय, तुमी व्हा म्होरं." मी त्याच्या हातातल्या छत्रीकडं बघितलं, त्यानं माझ्या हातातल्या डाळिंबाकडं. काहीतरी ओळखीचं वाटत होतं, पण नक्की काय ते ध्यानात येत नव्हतं. तेवढ्यात रसवंतीमागून आरोळी उठली.

"घावला!"

गणपतमामानं संदीपला मागून मिठी मारली. (मामानं लग्नात जिलेबीखेरीज कुणाकडं पाहिलंच नव्हतं, तो संदीपला काय ओळखणार!) मी "मामा, अरे तो..." एवढंच म्हणतोय, तोवर माझीच कॉलर कुणीतरी धरली. संदीपनं स्वतःचा पैलवान दोस्त खांबामागं उभा केला होता. त्याला सूचना होती : डाळिंबवाला धरायचा! झटापटीत डाळिंब फुटलं. माझे दोन्ही हात लाल, शर्ट लाल, पैलवानाच्या मिशा लाल!

गर्दी जमली. मोबाइल वर झाले.

"काय केलं वो ह्यानं?"

"पाकीट मारलं जणू."

"न्हाय न्हाय, ऑनलाइनवाला हाय!"

"म्हंजी?"

"म्हंजी दिसत न्हाय असला चोर."

"ह्यो तर दिसतोय की!"

"म्हणून तर घावला!"

मी ओरडत होतो, "भामटा मी नाही, भामटा येणार आहे!" संदीप ओरडत होता, "भामटा माझ्या आईला गंडवतोय!" मी एकदम थांबलो. "तुझ्या आईला? अरे, तो माझ्या आईला गंडवतोय!" आणि बाकावर तात्या एकटेच डोळे मिटून बसलेले. इतकं होऊनही त्यांनी सूचना मोडली नव्हती.

इतक्यात वरकुट्याकडची गाडी लागली आणि तीतून पदर खोचत आई उतरली. मागं वैशाली. (तिनं सरळ आईला विचारलं होतं, आणि आईच्या मोबाइलमध्ये स्टँडचा सगळा बेत सापडला होता. टेक्निकल नसलं की माणसाचं बरं असतं.) आणि दुसऱ्या बाजूनं, संदीपच्या गाडीचं दार उघडून, हट्टानं त्याच्याबरोबर आलेल्या आणि बंद काचेत बसून कंटाळलेल्या मामी खाली आल्या. दोन्ही विहिणी समोरासमोर. लग्नानंतर पहिल्यांदाच.

आईनं आधी छत्री पाहिली. मामींनी माझे लाल हात पाहिले. आता या स्टँडवर मांडवातलं सगळं निघणार, आणि वैशालीचं माहेर कायमचं तुटणार!

मामी हळूच म्हणाल्या, "डाळिंबराणी?"

आई म्हणाली, "तोफखाना?"

मग आईनं कमरेवर हात ठेवला. "म्हंजी परवा माझी सोंगटी पार घराच्या दारात मारली, ती तुमी व्हय?"

"मग? सोडती का काय!"

"आन त्या पट उधळणाऱ्या राजाचं बोलणं?"

"त्ये बी माझंच!"

"अगं बया! मी आपली समजत हुती, कोण तरी रिटायर फौजदार हाय."

"आन मला वाटलं, कॉलेजातली पोरगी हाय. लई फटकळ!" मामी हसू लागल्या, आईही हसू लागली, आणि दोघींनी एकमेकींच्या हातावर अशी टाळी दिली की तात्यांचे डोळे उघडले.

"बैल कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"ह्या काय हितं," आईनं विहीणबाईंकडं बोट केलं. तात्यांनी त्यांना जो नमस्कार केला, तसा मी त्यांना देवळातही करताना पाहिलेला नाही.

गणपतमामा पुढं सरसावला. "पर ताई, ते माइकवरचं..."

"गप रं गणपत! तुझं नाव घेतलं असतं तर तू उठून भाषान केलं असतंस. माझ्या पोराचं लगीन अजून उरकलं नसतं!"

मग दोघी आमच्याकडं वळल्या. मामींनी विचारलं, "त्ये महोदया कुणी लिवलं?"

संदीपनं खाली बघितलं.

"आन महोदय?"

मी त्याच्याही खाली बघितलं.

"मला वाटलंच," आई म्हणाली. "इतकं शुद्ध आमी कशापायी लिवू!"

मामी त्याच दिवशी वरकुट्याला आल्या आणि चांगल्या मुक्कामाला राहिल्या. ओसरीवर दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या, आणि बोलायच्या मात्र मोबाइलवरच. समोरासमोर 'तुमी', मोबाइलवर 'तू'. वैशालीला माहेर परत मिळालं आणि तात्यांची तंबाखू पुन्हा चुन्यासकट सुरू झाली. सगळं छान झालं.

फक्त त्या गर्दीतल्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ तालुक्याच्या सगळ्या ग्रुपांवर फिरू लागला. पैलवानानं कॉलर धरलेली, हात लालभडक, तोंड उघडं, आणि वर अक्षरं : 'इंदापूर स्टँडवर ऑनलाइन भामटा रंगेहाथ पकडला!' कंपनीच्या गेटवरचा वॉचमन दुसऱ्या दिवशी माझं ओळखपत्र उलटसुलट करून बघत होता.

दुपारी तोच व्हिडिओ आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. पाठवणारी आई. पहिला अंगठा मामींचा. आणि खाली आईनं सगळ्यांसाठी बोलून लिहिलेलं होतं :

"ह्या माणसाला कुणी मारू नका. मनानं लई चांगला हाय, फकस्त हुशार हाय."