धवलारणीचे दात

मुरबाड तालुक्यातल्या कितीतरी गावांत आमच्या आईला लग्नाला बोलावतात, ते जेवायला नाही, गायला. ती धवलारीण आहे. आमच्याकडे हळदीपासून पुढचा एकेक विधी तिच्या गाण्यावर चालतो. ती ओळ म्हणते, मागे बसलेल्या बाया ती उचलतात, तेव्हा कुठे हळदीचं बोट नवरीला लागतं. तिचं तोंड बंद, तर लग्न जागच्या जागी.

आणि नेमकी त्या तोंडाचीच पंचाईत झाली. एका लग्नातला तिचा गातानाचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर टाकला. माझ्या भाचीने, म्हणजे भावाच्या मुलीने, तो आजीला कौतुकाने दाखवला. आईला वाचता येत नाही, म्हणून खाली काय लिहिलंय ते तिने विचारलं. भाचीने हसत हसत वाचलं, "आजीचे दात बघा, कोळशाची वखार!" तिला वाटलं आजीही हसेल. आई हसली नाही. पुढच्या लग्नात ती पदर तोंडावर धरून गायली. मागच्या बायांना शब्दच कळेनात, हळद रखडली, नवऱ्याकडचे घड्याळं बघू लागले.

घरी आल्यावर आईने भाचीला सांगून टाकलं, "तुज्या लग्नाला दुसरी बघा. मी नाय गानार." भाचीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. पोरगी रडून रडून अर्धी झाली.

दात काळे होते हे खरंच. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करायची, ती मशेरी. आई ती लग्नाआधीपासून बोटाने घासत आलेली. आता तिने दात पांढरे करायचं मनावर घेतलं. भाताच्या तुसाची राख, मीठ, आणि मोबाइलमध्ये कुणी बाई सांगत होती म्हणून लिंबू. मी शहापूरहून माहेरी गेले तेव्हा ती मोरीपाशी बसून घासत होती, तव्याची काजळी काढावी तशी. दात उजळले होते, खोटं कशाला बोलू? पण पाण्याचा घोट घेतला आणि तिने गाल धरला.

"काय झालं गं?"

"दात आंबलेत गो. कैरी नाय खाल्ली तरी."

मला राहवेना. दात उजळले कशाने आणि आंबले कशाने? मला गोष्टी उकरून बघायची खोड आहे, आणि जित्याची खोड काही मेल्याशिवाय जात नाही. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा ती मी डॉक्टरांकडून मागून घेतली होती आणि डबीत ठेवली होती. सासूबाईंना ते बिलकूल आवडलं नव्हतं. "पोरांचे दुधाचे दात आमी कौलावर टाकतो, हिनं दाढ जपून ठेवलीय!" घरी परतल्यावर मी ती दाढ वाटीत घातली आणि वर लिंबू पिळलं.

रोज रस बदलत राहिले. दाढ पांढरीफटक झाली. मला वाटलं, मोबाइलवाली बाई खरी ठरली की! पण पुसून उन्हात धरली तर तिची चकाकी गेलेली. सुईने ओरखडलं तर वरून चुन्यासारखी भुकटी निघाली. मग ती चहात बुडवली. इतका रंग चढला की पहिली बरी होती म्हणायची पाळी आली.

ती डबी आणि आई, दोघींना घेऊन मी शहापूरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. दाढ बघून त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी समजावलं. दातावर एक कडक कवच असतं, एनॅमल. लिंबू ते विरघळवतं, राख ते खरवडते. कापलेले केस पुन्हा वाढतात, हे कवच एकदा गेलं की गेलं. म्हणजे आईने हात दाखवून अवलक्षण केलं होतं.

बाईंनी मशीनने मशेरीची पुटं काढली. खालून जुन्या तांदळाच्या रंगाचे दात निघाले. आईने आरशात बघून तोंड वाकडं केलं. "हे तं पिवळंच हाय."

"दातांचा रंग असाच असतो, आजी."

"मंग आनखी पांढरं करा."

"त्याचं औषध आहे, पण ते आम्हीच लावायचं, तेही बेताने. दुखऱ्या दातांवर तर नाहीच. आधी सणक कमी होऊ दे. मऊ ब्रश वापरा, ही फ्लोराइडची पेस्ट लावा. आणि मशेरी बंद."

शेवटचे दोन शब्द ऐकून आईने कमरेची मशेरीची पुडी चाचपली. बाकी सगळं होईल, मशेरी सुटायची नाही, अशी माझी खात्री होती. पण तिने सोडली. सुरुवातीला इतकी चिडकी झाली होती की कोंबड्यासुद्धा तिच्या वाटेला जात नव्हत्या. मी माहेरी आले होते तेव्हा एका सकाळी ब्रश धुता धुता तिने भाचीला हाक मारली. "गाईन गो तुज्या लग्नात." मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरीणबाईंना तिथूनच फोन लावला.

हळदीच्या दिवशी मांडवात भाड्याचे मोठे कूलर घरघरत होते. आईने पदर बाजूला केला, पहिली ओळ घेतली, पुढच्या ओळीसाठी तोंडाने श्वास ओढला आणि थांबली. कूलरचा गार वारा दातांवर बसला होता. सणक कमी झाली होती, गेली नव्हती. पदर पुन्हा तोंडावर आला. ओळ तुटली.

"आजून लाजते वाटतं," मागून कुणीतरी कुजबुजलं.

सांगायला मी उठणार, तेवढ्यात भाचीच उठली. हळदीच्या पाटावरून नवरी मधेच उठत नाही, पण ही उभी राहिली. "ते कूलर बंद करा. पंखेपन."

"लोकं उकडून मरतील गो!" माझा भाऊ ओरडला.

"मरूं दे. माजी आजी गाते."

कूलर बंद झाले. मांडवात एकदम शांत झालं आणि पाठोपाठ घामाच्या धारा लागल्या. आईने पदर खाली सोडला आणि ओळ पहिल्यापासून घेतली. पार शेवटी बसलेल्या बायांनीही ती उचलली. नवऱ्याकडची माणसं टोप्यांनी वारा घेत होती, पण उठून कुणी गेलं नाही.