चौकोनातला पाऊस

उत्तर बरोबर आलं की मला आधी संशय येतो. चुकलेलं उत्तर निदान सरळ कळतं. गेल्या वर्षी आमच्या गटाने मॉडेलमधला एक आकडा थोडा पिळला आणि मराठवाड्यावरचा पाऊस एकदम नोंदींशी जुळला. ऑफिसात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला, पण तो गोड लागेना. आकडा का बदलला याचं कारण एवढंच होतं, की बदलल्यावर जुळतं.

मी पुण्यात हवामानाच्या मॉडेलवर काम करते. हे मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि एकेका चौकोनातल्या हवेचं पुढे काय होईल ते गणिताने काढतं. अंबाजोगाई आणि परळीच्या मधलं आमचं गाव आसपासच्या गावांसकट एकाच चौकोनात बसतं. आता खरा ढग कसा होतो? जमीन तापते, ओली हवा वर उठते, फुगते, गडगडते आणि एखाद्या शिवारावर कोसळते. चौकोनापुढे हा ढग एवढासा. मॉडेलला तो दिसतच नाही. म्हणून त्याच्या वतीने नियम आम्ही लिहितो. खाली इतकी ऊब नि इतका ओलावा असला की ढग उठला असं समज, बाजूची कोरडी हवा त्यात इतकी शिरली असं समज, आणि होईल तो पाऊस सगळ्या चौकोनावर सारखा पसरून टाक. त्या कोरड्या हवेचाच आकडा आम्ही पिळला होता. एवढं करूनही मॉडेलमध्ये पाऊस भर दुपारी भुरभुरायला लागतो आणि आमच्याकडचा खरा पाऊस संध्याकाळी येऊन धोपटतो. महिन्याची बेरीज मात्र जुळते. अशा जुळण्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

दसऱ्याच्या आधी गावी गेले तेव्हा सोयाबीन कापून पडलं होतं. आदल्या हंगामात विकतचं बियाणं निम्मं उगवलंच नाही, म्हणून दादाने या खेपेला ओढ्याकाठचा तुकडा घरच्या बियाण्यासाठी राखला होता. ओढ्यापलीकडे, माळाच्या उतारावर, आमच्या काकांनीही तेच केलं होतं. विकायचा माल जरा डागाळला तरी खपतो. बियाण्याच्या शेंगा भिजल्या की उगवण गेली, मग पुढच्या वर्षी पेरायचं काय? बरं, घाईने ओलसरच गोळा करून गंजी लावली तर आतून तापते, बुरशी धरते. आणखी एक दिवस ऊन मिळालं असतं तर बरं, अशी वेळ होती.

काका म्हणजे वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. सामाईक विहिरीच्या पाळीवरून वाजलं, त्याला कैक वर्षं झाली. तेव्हापासून ते आमच्या घराची पायरी चढले नव्हते.

"आज काय म्हन्तंय तुजं मॉडेल?" दादाने सकाळीच विचारलं.

"चौकोनात हलका पाऊस."

"चौकोन ऱ्हाऊ दे. आपल्या रानात?"

"इतकं बारीक त्याला दिसत नाही, दादा."

"मंग येवढी कावून शिकलीस गं?" तो हसला, पण डोळे माझ्यावरच रोखलेले.

"सांगायचं नसंल वन्संना," वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली. "सरकारी काम हाय. भाईर बोलता येत नसंल."

मला राग आला. मी काय चोरून ठेवलं होतं? मी तणतणत रानात गेले. परळीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ वर चढत होता, वारा नव्हताच. दुपारनंतर त्याच बाजूला ढग फुलकोबीच्या गड्ड्यासारखे वर यायला लागले. ते आमच्यावर येतील की नाही हे मला कळत नव्हतं, मॉडेलला तर नाहीच नाही. दादा मात्र माझ्या तोंडाकडे बघत उभा.

"गोळा कर," मी म्हटलं. खरं सांगायचं तर त्याने बघणं थांबवावं म्हणून म्हटलं.

घरच्या सगळ्यांनी मिळून गंजी लावली, वर ताडपत्री ओढली, कडेला दगड ठेवले. ओढ्यापलीकडून काका कपाळावर हात धरून आमच्याकडे बघत होते. त्यांच्या शेंगा उघड्याच पसरलेल्या होत्या.

"त्यांना हाक मारू का?" मी विचारलं.

"नगं. हाक मारली तर म्हनतील ह्येंचा कायतरी डाव हाय. वलं गोळा करून कुजलं तर वरून आपल्याच नावानं बोंब."

हे काही खोटं नव्हतं. मी ताडपत्रीच्या कडेला आणखी एक दगड ठेवला.

ऊन कलताना पाऊस आला तो माळावरून. पलीकडचा उतार बघता बघता दिसेनासा झाला. काका ताडपत्री घेऊन धावताना दिसले, मग तेही दिसेनात. आमच्या बाजूला मातीचा वास आला, ताडपत्रीवर चार थेंब वाजले आणि संपलं. ओढा मात्र गढूळ होऊन वाहायला लागला.

दादाने मांडीवर थाप मारली. तिन्हीसांजेपर्यंत गावात झालं, की पोरीला सगळं ठाऊक होतं.

"अरे, आपल्याकडे पडलाच नाही," मी दादाला म्हटलं. "शेंगा तशाच ठेवल्या असत्या तरी वाळल्या असत्या. उलट ओलसर झाकल्या आपण. माझं चुकलं."

"चुकलं कसं? चौकोनात पडंल म्हनलीस, पडला. काकाकडं पडला म्हनून काय झालं?"

पेढे खाताना आम्ही पुण्यात हेच तर म्हणत होतो.

सकाळी काका दारात उभे. पायरी चढून वर आलेले. वहिनीने घोंगडी अंथरली, पण ते बसले नाहीत. त्यांनी मूठ उघडली. शेंगा काळवंडल्या होत्या, दाणे फुगून साल सुटलेली.

"खरं सांग पोरी. तुला ठाव हुतं."

"नव्हतं काका."

"मंग गंजी कावून लावली?"

मी सांगायला लागले. आपण सगळे एकाच चौकोनात, मॉडेलला ओढा दिसत नाही, ढग कुठे फुटेल ते... ऐकताना त्यांचा चेहरा बंद होत गेला. मलाच माझं बोलणं बनवाबनवीचं वाटायला लागलं.

"बरं, झालं ते झालं," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "उघडं हुतं ते गेलं, पर ताडपत्रीखालचं थोडं कोरडं निगालंय. आज ऊन भेटलं तर बियाला हुईल. आन् आज परत भिजलं तर मूठभर बी ऱ्हात न्हाई. पसरू का झाकू? येवढंच सांग."

मी फोन बघितला. चौकोनात हलका पाऊस. कालचंच. त्या माणसाने इतक्या वर्षांनी उंबऱ्याशी येऊन विचारलं होतं, आणि मला रडू यायला लागलं. काहीतरी सांगून मोकळं व्हावं असं फार वाटलं. काल तसंच तर केलं होतं.

"माहीत नाही, काका. देवाशप्पत माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या दादाकडे.

"न्हाई सांगायचं तर न्हाई सांग," ते म्हणाले. "पर म्हाईत न्हाई म्हनू नगं."

पायरी उतरून ते गेले. मूठ मिटलेलीच होती.

ते वळणावर दिसेनासे झाले तसा दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "बरं केलंस. त्येंला कावून सांगायचं?"