माझ्या नावाची नाणी

हसायचं असेल तर पेला आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हाच किस्सा ऐकताना एका गृहस्थांनी सगळा चहा माझ्या धोतरावर सांडला होता. आता काय सांगायचं आणि कुठून सांगायचं! माणूस गाढवपणा करतो तो एका क्षणात, असं लोक म्हणतात. मी तो पाच वर्षं बेतून केला.

बत्तीस वर्षं मी सरकारी सामानाच्या खात्यात कारकुनी केली. खुर्ची आली, घाला नंबर. दौत आली, घाला नंबर. पंखा ओढायच्या दोरीवर नंबर घालता येईना, तर तिला पत्र्याचा बिल्ला बांधून त्यावर घातला. एक चूक नाही! जी काय केली ती पेन्शनीत निघाल्यावर, आणि तीही घरच्या सामानात.

निवृत्तीच्या वेळी हाती थोडी रक्कम आली. ती कुणाची, हे लग्नातच ठरलं होतं. सौ.ला सोन्याच्या पाटल्या करायच्या होत्या. पहिल्या बढतीला करू म्हटलं, तेव्हा घर आलं. दुसरीला करू म्हटलं, तेव्हा मुलीचं लग्न आलं. तिसरी बढती आलीच नाही.

पण त्याच सुमाराला मला जुन्या नाण्यांचा नाद लागला. एका ओळखीच्या पाटलानं शेतात सापडलेली चार नाणी आणून दाखवली. चिमुकली, चांदीची, एका बाजूला राजाचं डोकं. दीड हजार वर्षांपूर्वीचं नाक माझ्या तळहातावर! मी खलास.

"अहो, पाटल्यांचं काय?" सौ.नं विचारलं.

"पाटल्या म्हणजे काय? नुसतं सोनं. घातलं, झिजलं. नाण्याचं तसं नाही. ते जितकं जुनं, तितकं महाग. पाच वर्षं थांब. दोन पाटल्यांच्या चार करून देतो."

"आपले बाबाशाही रुपये परवापरवा बंद झाले, ते बाजारात कुणी हातात धरत नाही. आणि तुम्ही हजार वर्षांपूर्वीचे चालवणार?"

"खुद्द श्रीमंत महाराज देशोदेशींच्या वस्तू जमवतात!"

"त्यांना तुमच्यासारखी पेन्शन नाही," ती म्हणाली, आणि मग बोटं मोजून, "पाच वर्षं. सहावं नाही."

झालं! मी कामाला लागलो. बुधवारी खेड्यातली माणसं खंडेराव मार्केटात भाजी घेऊन येत, त्यांच्या बायकांच्या चंच्या मी उघडायला लावल्या. एकीनं मला चोर समजून आरडाओरडा केला. पण नाणी जमली. त्यांच्यासाठी सागवानी पेटी केली, आत मखमल लावली, मुंबईहून भिंग मागवलं. खरं सांगायचं तर राजांपेक्षा सुतारालाच मी जास्त पैसे दिले.

आणि अर्थातच वही घातली. अनुक्रम, धातू, कुणाकडून, काय भावानं. शेवटचं सदर, 'सध्याची किंमत'. ती कोण ठरवणार? मीच. दर दिवाळीला वही पुजून झाली की मी ती किंमत चढवत असे. चौथ्या दिवाळीला चार काय, सहा पाटल्या झाल्या होत्या. वहीत.

आता यात दादासाहेब आले. दादासाहेब म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त मास्तर. माझं पाहून त्यांनीही नाणी जमवायला घेतली. एका रविवारी आम्ही दोघांनी आपापला संग्रह एकाच सतरंजीवर मांडला. माझी एकशे बारा, त्यांची चाळीस. पाहणं झालं, वादविवाद झाला, चहा झाला. आणि उचलायच्या वेळी कोणतं कुणाचं, कुणाला सांगता येईना!

"हे माझं," दादासाहेब म्हणाले. "याचं नाक बसकं आहे."

"सगळ्यांचीच नाकं बसकी आहेत, मास्तर! हजार वर्षं जमिनीखाली झोपलेत ते!"

तीन दिवस आम्ही भांडत होतो. शेवटी नुसते नग मोजून वाटणी केली, आणि दोघांनाही आपण फसलो असं वाटलं. सौ. मागच्या अंगणात भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "आमची भांडी सगळ्या आळीच्या लग्नाकार्याला जातात. एक वाटी तरी कधी हरवलीय? नाव घातलेलं असतं त्यांच्यावर."

ती टोमणा मारत होती हो! मला तो साक्षात्कार वाटला. बत्तीस वर्षं नंबर घालणाऱ्या माणसाला हे सुचू नये?

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी घेऊन मी पाणीगेटला गेलो. तिथे छगनभाई कंसारा तांब्यापितळेच्या भांड्यांवर छिन्नीनं नावं घालतो. त्यानं पेटी उघडली आणि छिन्नी खाली ठेवली.

"काका, आ तो नाणां छे. वासण नथी."

"मला दिसतंय भांडी नाहीत ते. प्रत्येकावर घाल 'ग. वा.', आणि पुढे नंबर. एक ते एकशे बारा."

"घरे पूछ्युं?"

"घरातूनच सुचवलंय!"

"काका, फरी विचार करो. ठोकल्यावर परत नाय निघत."

"छगनभाई, मी एकदा ठरवलं की ठरवलं!"

पाहा, त्या गरीब माणसानं मला दोनदा माघारीची वाट दिली होती. मी दोनदा धुडकावली. दोन दिवस त्याच्यासमोर बसून मी ठकठक ऐकली. एकाही नंबरात चूक होऊ दिली नाही. अठ्ठ्याहत्तर नंबराला तो 'ग' जरा तिरका मारत होता, तर मी त्याला थांबवून सरळ करायला लावला. राजाच्या ऐन गालावर.

फक्त शेवटचं नाणं राहिलं. इतकं बारीक की छगनभाईनं ते उलटसुलट करून परत दिलं. "काका, आमां अक्षर नहीं समाय. तुटी जशे." ज्यावर माझं नाव मावत नाही, ते नाणं माझ्या संग्रहात कशाला? घरी येऊन मी ते सौ.च्या पुढ्यात टाकलं. "घे. तुला." तिनं ते धुतलं, पुसलं आणि हळदीच्या डब्यात ठेवलं. मी वहीत एकशे बारा खोडून एकशे अकरा केले, खाली सही केली.

पाच वर्षं भरली. मुंबईचे एक पारशी शेठ जुन्या नाण्यांचा व्यापार करत. त्यांना मी पत्र घातलं, आणि ते खरंच आले! सौ.नं शिरा केला. दादासाहेब माझा उत्कर्ष पाहायला मुद्दाम येऊन बसले. मी पेटी उघडली, शेजारी वही ठेवली, 'सध्याची किंमत' नीट दिसेल अशी उघडून.

शेठनी पहिलं नाणं उचललं. भिंग लावलं. ठेवलं. दुसरं उचललं. मग पाच-सहा भराभर. मग भिंग काढून ते माझ्याकडे पाहत राहिले.

"साहेब, माल एकदम अस्सल हाय."

मी दादासाहेबांकडे विजयी नजर टाकली.

"पन हे ग. वा. कोन? या नावाचा राजा मी कंदी ऐकला नाय."

दादासाहेबांना अचानक खोकला आला.

"तो... मी," मी म्हणालो. "खूण म्हणून. हरवू नयेत म्हणून."

"आता नाय हरवनार," शेठ म्हणाले. "कोन नेनारच नाय ना! याला आता चांदीचा भाव. तांब्याला तांब्याचा."

त्यांनी वही बंद करून अदबीनं माझ्या हातात दिली. मी म्हणालो, "मोडीत देणार नाही! एकही नाही!" निश्चयच तो. चुकीचा असला म्हणून काय सोडायचा?

शेठ उठायला लागले. इतक्यात सौ. आतून आली आणि तिनं हळदीनं पिवळं झालेलं ते बारीक नाणं त्यांच्यापुढे धरलं.

"याचं काही येतं का बघा. याच्यावर यांचं नाव नाही."

शेठनी ते पुसलं. भिंग लावलं. मग खिडकीपाशी जाऊन परत लावलं. राजाच्या डोक्यामागे वर्षाचा आकडा होता, आणि त्या वर्षाचं नाणं त्यांना उभ्या जन्मात एकदाच दिसलं होतं म्हणे. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी खुर्चीचा हात धरला. सौ.नं मात्र सरळ विचारलं, "यात पाटली होईल?"

"एक होएल, बाई. वजनदार."

"एक तर एक," ती म्हणाली.

तेव्हापासून तिच्या उजव्या हातात ती एकटी पाटली आहे. बांगड्यांच्या मध्ये उठून दिसते, म्हणून हळदीकुंकवाला आलेल्या बायका हमखास विचारतात, "अगबाई, आणि दुसरी हो?"

सौ. सागवानी पेटीकडे बोट दाखवते.

"ती त्यात आहे. यांनी नाव घालून ठेवलीय."