केराबाईची तीन बाळं

केराबाई सोलापुरात लहान मुलांच्या एका दवाखान्यात मावशी म्हणून लागली, तेव्हा शेजारच्या बायकांना नवल वाटलं. जिची स्वतःची तिन्ही लेकरं मातीआड झाली, तिनं दिवसभर दुसऱ्यांची लेकरं बघायची, हे तिला सोसायचं कसं? केराबाई म्हणायची, रिकाम्या घरापेक्षा हे बरं.

मंगळवेढ्याकडच्या माळावर तिचं सासर. नवरा येडू मेंढरं राखायचा. थोरल्या बिरुदेवानं छान बाळसं धरलं होतं. तिसऱ्या महिन्यात तो अचानक पिईना झाला, ओकू लागला, त्याला धाप लागली. रडायचा, पण आवाज पार बसलेला. तालुक्याला न्यायच्या आधीच गेला. त्याच्या पाठची मुलगी तशीच गेली, आणि मग धाकटा. छातीत कफ झाला, एवढंच दर वेळी कळलं.

सासू गोजरबाई मायाळू होती. केराबाईला आई नव्हती, म्हणून तिन्ही बाळंतपणं सासरीच झाली आणि गोजरबाईनं तिला फुलासारखं जपलं. पण धाकट्याला पुरून आल्यावर दारात बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, हिचं दूधच इखारी हाय. ते बोलणं त्या घरातून परत गेलं नाही. वर्षभरात येडूनं दुसरी केली. ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि हसतं-खेळतं पोर घेऊन परत आली. मग कुणाला काही सांगायचं उरलं नाही. केराबाईनं एका पिशवीत लुगडी भरली आणि सोलापूरची एसटी धरली.

दवाखान्यात ती दुपटी धुवायची, फरशी पुसायची, पाळणा हलवायची. बाळ उचलून घ्यायची वेळ आली, की मात्र नर्सला हाक मारायची. आपल्या अंगात काहीतरी वाईट आहे, हे तिनं वीस वर्षं मुकाट्यानं मानलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर ऋतुजा वयानं लहान. त्या दरवर्षी बालरोगतज्ज्ञांच्या कॉन्फरन्सला जायच्या. तेवढे दिवस पेशंटची गर्दी दुसऱ्या डॉक्टरांवर पडायची, म्हणून सगळ्यांची कुरकुर असायची. केराबाईलाही ती डॉक्टर लोकांची जत्राच वाटायची. जेवणं होतात, नवी पिशवी मिळते, माणसं परत येतात.

यंदा त्या परत आल्या आणि थोड्याच दिवसांनी दुधनीकडून सोनाली नावाची एक कोवळी आई तान्ह्याला घेऊन आली. बाळाला धाप लागली होती, हातपाय गार पडले होते. ते रडलं, आणि केराबाईच्या हातातली बादली तशीच राहिली. तोच आवाज. घोगरा, आतल्या आत विरणारा.

ऋतुजाताईंनी बाळाला तपासता तपासता सोनालीला विचारलं, "बाळंतपणात काय खातेस?"

"नुसता भात, तूप घालून. डाळ, भाजी, भाकरी बाधती म्हणून देत न्हाईत."

ताईंनी नर्सला एक इंजेक्शन आणायला सांगितलं. औषध साधंच, एका जीवनसत्त्वाचं. बाळ पुढं न्यावं लागलं तर म्हणून रुग्णवाहिकाही बोलावून ठेवली. तिची गरज पडली नाही. दुपारपर्यंत बाळाची धाप कमी झाली, आणि उन्हं उतरली तसं ते आईच्या छातीला लागलं. सोनाली रडत होती. केराबाई भिंतीला टेकून बघत होती.

नंतर ती ताईंच्या खोलीत गेली. तोवर तिनं आपल्या लेकरांविषयी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की हा आजार पुस्तकात जुनाच आहे, पण आपल्याकडं आता तो होत नाही असं सगळे धरून चालतात. कॉन्फरन्समध्ये जेवणानंतर, अर्धं सभागृह पेंगत असताना, एका लहान गावच्या डॉक्टरनं उभं राहून अशाच बाळांची हकीकत सांगितली. ती ऐकली नसती तर मीही याला न्यूमोनियाच म्हणाले असते.

"म्हंजे माज्या दुदात इख न्हवतं?"

"नव्हतं, मावशी. नुसत्या पांढऱ्या भातावर तुम्हालाच एक जीवनसत्त्व मिळत नव्हतं, म्हणून ते दुधातही कमी पडलं."

"आन ही सुई दिली असती तर?"

"बहुतेक वाचली असती," त्या म्हणाल्या.

केराबाई खाली बसली. इतकी वर्षं ती देवाला दोष देत होती, स्वतःला देत होती. दोन्ही ओझी एकदम उतरली, आणि त्यांच्या जागी एका सुईनं लेकरं वाचली असती हे आलं.

त्या रविवारी ती सासरी गेली. येडू मेंढरांमागं होता. म्हातारी गोजरबाई एकटीच ओसरीवर बसली होती. केराबाईनं न रागावता सगळं सांगितलं. माझं दूध वाईट नव्हतं, एवढंच तिला ऐकवायचं होतं. पण गोजरबाईनं शेवटपर्यंत ऐकलं, आणि आपण काय बोलून बसलो हे केराबाईला तिच्या तोंडाकडं बघून कळलं. भात तर म्हातारीनंच रांधला होता. बाळंतीण आहे म्हणून मुद्दाम पांढरा तांदूळ आणून, मऊ करून, स्वतःच्या हातानं वाढला होता.

"तू भाकर मागायचीस," गोजरबाई म्हणाली. "मी दिली न्हाय."

केराबाईला तिला गप्प करावंसं वाटलं, जवळ घ्यावंसं वाटलं, आणि दोन्ही जमलं नाही.

पुढच्या कॉन्फरन्सला सोनालीच्या बाळाची हकीकत ऋतुजाताई स्वतःच मांडणार होत्या. तुमच्या बाळांचंही सांगू का, असं त्यांनी केराबाईला विचारलं. नाव घ्यायची तिथं रीत नाही, हेही सांगितलं.

केराबाई बाटल्या उकळत होती. "सांगा की," ती म्हणाली. "पर तुमास्नी तरी नावं ठावं असू द्या. थोरला बिरुदेव. पोरगी हिराई. धाकट्याचं नाव नजर लागंल म्हणून ठेवलंच न्हवतं. मनात पृथ्वीराज हुतं."

ते नाव आजवर तिनं येडूलाही सांगितलं नव्हतं.