कापसात बुडालेला मोबाईल

आमच्या देऊळघाटच्या घरात मोबाईलला रेंज फक्त कापसाच्या ढिगावर बसलं की यायची. भाव वाढेल या आशेने त्या वर्षीचा बीटीचा सगळा कापूस मी पुढच्या खोलीत कोंबून ठेवला होता. (बियाणंवाला म्हणाला होता, अळी लागणार नाही. पण अळीला हे कोणी सांगितलंच नव्हतं!) पेरण्या आटोपल्या तरी भाव हलला नाही. रेंज तेवढी वाढली.

अशात आमच्या शीतलला चिखलीच्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळाला. पोरगी एसटीने एकटी जाणार, एकटी येणार! तिची आई निवांत होती. छातीत धडधड माझ्या! शेवटी मी अट घातली: पहिला दिवस बिनघोर गेला तर कॉलेज, नाहीतर घरी बसून अभ्यास.

“चिखलीच्या स्टँडसमोर पानठेल्यावर फोनचा लाल डब्बा हाये,” मी तिला बजावलं. “रुपया टाकायचा, एक रिंग द्यायची न् ठेवून द्यायचं. रुपया परत निंघते. एक रिंग म्हंजे पोचली. दोन रिंगा म्हंजे बाबा, धावत या!”

“बाबा, ते डब्बे आता कुठी राह्यले?”

“मले शिकवतं काय? तुह्या जन्माच्या आधीपासून जाऊन राह्यलो मी चिखलीले!”

(शेवटचा कधी गेलो होतो, ते सांगायचं राहून गेलं.)

सकाळी शीतल निघाली आणि मी मोबाईल घेऊन ढिगावर चढलो. कापूस मऊ, घर शांत. पोरीच्या काळजीने व्याकूळ झालेल्या या बापाला पाच मिनिटांत गाढ झोप लागली!

जागा झालो तो रिंगच्या आवाजाने. हात लांबवला तर मोबाईल नाही! आवाज ढिगाच्या पोटातून येत होता.

“अवं, मोबाईल कापसात गेला!”

कणकेच्या हातांनीच बायको धावत आली. “काऊन झोपले तुमी त्याच्यावर?”

“आधी शोध!”

आम्ही दोघंही कापूस उपसायला लागलो. रिंग थांबली. “एक! पोचली पोरगी!” मी ओरडलो. तेवढ्यात पुन्हा वाजली. दोन! म्हणजे बाबा, धावत या! आणि मग तिसऱ्यांदा वाजली. तिसऱ्या रिंगचा तर नियमच नव्हता!

“अहो, थांबा जरासक, सापडूनच राह्यला...” कमरेपर्यंत कापसात रुतलेली बायको म्हणत होती. पण मी केव्हाच रस्त्यावर पोचून जीपला लटकलो होतो.

चिखलीला उतरलो तो थेट पानठेल्यावर. “लाल डब्बा कुठी हाये?”

“तो केव्हाच उचलला काका. आता कोण टाकते रुपया? तुमच्याजोळ मोबाईल नाही काय?”

“हाये. कापसात हाये.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, हातातलं पान खाली ठेवलं आणि पाण्याचा गिलास पुढे केला.

मी पळत कॉलेज गाठलं आणि वर्गाच्या दारातूनच हाक मारली, “शीतल!” शिकवणाऱ्या मॅडमचा खडू हवेतच राहिला. डोक्यात, मिशीत, शर्टावर कापूस घेऊन मी उभा. पोरं खो खो हसायला लागली. शीतल खाली मान घालून बाहेर आली. तिला धडधाकट बघून मला रडूच आलं असतं, पण मिशीतल्या कापसाने आधी शिंक आली.

“डब्बा नव्हता बाबा. मैत्रिणीच्या मोबाईलवरून किती वेळा लावला, कोणी उचलूनच नाही राह्यलं! मलेच वाटलं, तुमाले काही झालं.”

मधल्या सुट्टीत तिने त्याच मोबाईलवरून घरी फोन लावला. या वेळी पहिल्याच रिंगला आईने उचलला. “तुह्ये बाबा कुठी हायेत?”

“इथी. माह्यासमोर.”

“मंग त्यायले घरी येता येईन काय एकल्याले?”

शीतलने मला स्टँडवर आणलं, गाडीत बसवलं आणि कंडक्टरला म्हणाली, “भाऊ, यायले बुलढाण्यात देऊळघाटच्या गाडीत बसवून देजा. घाबरले हायेत.” कंडक्टरने बुलढाण्यात माझा दंड धरून मला गाडी बदलून दिली.

दुसऱ्या दिवसापासून शीतल बिनधास्त एकटी कॉलेजला जाऊ लागली. मी मात्र जवळच्या मोताळ्याच्या बाजाराला निघालो, तरी बायको आजही कोणीतरी सोबत लावून देते!