बाद केलेला डोंगर

माझं वजन तेव्हा एकोणपन्नास किलो होतं आणि माझ्या मित्राचं सत्तर. आमच्या भांडणाचं मूळ एवढंच. भांडण तरी कसलं, मी एकटाच भांडत होतो. त्याला पत्ताही नव्हता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विक्रोळीच्या एका कारखान्यात आम्ही दोघं टूलरूमला होतो. तिथला एक परदेशी साहेब मायदेशी परतताना आपला हँग ग्लायडर आमच्या पाचजणांच्या टोळक्याला देऊन गेला. अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेला कापडाचा पंख आणि त्याखाली पट्ट्यांत लोंबकळणारा माणूस. डोंगरउतारावरून धावत सुटायचं आणि पाय जमिनीवरून सुटू द्यायचे. पंखाची लांबलचक पिशवी मित्राच्या चाळीत, गॅलरीला टांगलेली असे. शेजारच्या बायका तिच्यावर बिनधास्त दुपटी वाळत घालत.

साहेबाने जाताना बजावलं होतं, साठ किलोच्या आतल्या माणसाने उडायचं नाही. हलक्या माणसाला पंख वळवता येत नाही, पंखच त्याला वाटेल तिकडे नेतो. पाचजणांत साठच्या आत मी एकटा.

मग मी डोंगर शोधायला लागलो. कुठेतरी उपयोगी पडणं भागच होतं. मी बोरीवलीचा, घरामागेच नॅशनल पार्कचे डोंगर, पण तिथे सगळी झाडी. घाटकोपरच्या टेकडीवर वरपर्यंत झोपड्या. म्हणून रविवारी कल्याणच्या पुढे जायचं. बरोबर एक काठी, तिच्या टोकाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी. पट्टी एका दिशेला ताठ राहिली तर वारा चांगला, गटांगळ्या खायला लागली तर वाईट. घारी पंख न हलवता कुठे तरंगतात ते बघायचं. गुराख्याला विचारायचं, "बाबा, विडी कुठे पेटत नाही?" तो दाखवील ती जागा हमखास चांगली. खाली उतरायला भाताचं मोकळं खाचर हवं आणि आसपास विजेच्या तारा नकोत.

हे सगळं एका वहीत लिहायचं. आमचे नियम दोनच होते. डोंगर शोधेल त्याची तिथली पहिली उडी. आणि एकाने डोंगर बाद केला की दुसऱ्याने तो पुन्हा चढायचा नाही, कारण रविवार थोडे आणि डोंगर फार.

दोन वर्षांत मी सात डोंगर शोधले. सातही पहिल्या उड्या मित्राने मारल्या. "तुझा नंबर मी घेतो रे," म्हणायचा, जणू माझ्यावर उपकार करतोय. मी खाली खाचरात काठी धरून उभा, आणि तो माझ्या वाऱ्यावर, माझ्या डोंगरावरून तरंगत यायचा. आयत्या पिठावर रेघोट्या! कारखान्यात कुणीतरी त्याचा उडतानाचा फोटो लावला. "काय झकास उडतो यार!" डब्याच्या वेळी सगळे त्याच्याभोवती. डोंगर कुणी शोधला हे एकानेही विचारलं नाही. माझा जळफळाट व्हायचा. डझनभर केळी खाऊन मी बोरीवली स्टेशनच्या वजनकाट्यावर चढायचो. तिकिटामागे भविष्य छापलेलं असे, ते मी वाचतही नसे. पुढच्या बाजूला आकडा पन्नास, कधी एक्कावन्न.

आठवा डोंगर बदलापूरच्या पलीकडे सापडला. तोंड पश्चिमेला, वर सपाट गवत, खाली एवढं मोठं खाचर की डोळे मिटून उतरावं. लुगड्याची पट्टी तासभर एकाच दिशेला ताठ राहिली. मी वरच बसून वही काढली आणि लिहिलं, 'बाद. खाचरात विजेच्या तारा.' तारांचं चित्रही काढलं. हा एक डोंगर तरी त्याला मिळू द्यायचा नव्हता.

मित्राने वही वाचली आणि पान उलटलं. "तू बाद केलास म्हणजे संपलं," तो म्हणाला. मला थोडं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

पुढच्या वर्षी होळी झाल्यावर त्याने मला घरी बोलावलं. त्याच्या आईने जाड कॅनव्हासचा पट्टा शिवला होता, कप्प्याकप्प्यांत वाळू भरलेला. "ह्यो कमरेक बांध," ती म्हणाली, "तुका काय वाढलेला अंगाक लागणा नाय." पट्टा बारा किलोचा होता. मला साठच्या वर नेण्याची ही युक्ती मित्राची, साहेबाला पत्र लिहून विचारलेली. महिनाभर लहान टेकडीवर त्याने मला धावायला, वळायला शिकवलं.

मग म्हणाला, "पहिली मोठी उडी बदलापूरच्या त्या डोंगरावरून मार."

"तिथे तारा आहेत," मी म्हणालो.

"काढल्या असतील रे. बघू तर."

आम्ही पंख घेऊन वर पोचलो. शेळ्या राखणारा म्हातारा उभा होता. मित्राला बघून हसला. "आलात परत? शिमग्याआधी आलावता तवा वारा पडला होता. आज बेस आहे."

मी मित्राकडे पाहिलं. तो खाली वाकून माझा पट्टा आवळत होता, नको इतका वेळ. मला म्हणायचं होतं, अरे, मी खोटं लिहिलं. मी पंखाच्या नळ्याच तपासत राहिलो. "तुझा डोंगर, तुझी पहिली उडी," तो म्हणाला, काठी उचलली आणि उतरायला लागला.

तो खाली पोचेपर्यंत मी थांबलो. मग धावलो आणि पाय सुटले. तीन वर्षं ज्यासाठी जळत होतो ते मिळालं होतं, आणि मी खाली त्यालाच शोधत होतो. खाचराच्या उत्तर कोपऱ्यात, वहीत मी जिथे तारा काढल्या होत्या नेमका तिथेच तो उभा होता, काठी उंच धरून, मला वारा दाखवत.

उतरलो तेव्हा त्याने मला मिठी मारली. वहीचा विषय त्याने काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही. त्याच्या उडण्याचा हेवा त्या दिवशी संपला. पण माझ्या जागी तो असता तर त्याने असं लिहिलं नसतं, हे मला कळलं होतं. त्या गोष्टीचा हेवा मी अजून करतो.