स्टेजमागचा बोळ

माझा शेजारी डेल्बर्ट मकिनन आमच्या हॅमिल्टन शहरातल्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायची गाडी चालवायचा. मंगळवारी संध्याकाळी मात्र तो कोपऱ्यावरच्या बारमध्ये माइक धरून विनोद सांगायला उभा राहायचा. लोक हसत नसत. मग तो विनोद समजावून सांगायला लागायचा आणि तेवढ्यात त्याची वेळ संपायची.

निवृत्त झाल्यावर त्याने कॉम्प्युटरवर एक खेळ तयार केला. त्यातला विनोदवीर बारच्या मागच्या बोळात अडकलेला. आपण माउसने एकेका वस्तूवर क्लिक करायचं, लागेल ते उचलायचं आणि त्याला स्टेजवर पोचवायचं. तिथं पोचला की तो डेल्बर्टचे सगळे जुने विनोद सांगायचा. भलत्या वस्तूवर क्लिक केलं तरी विनोदवीर काहीबाही बोलायचा. ती वाक्यं डेल्बर्टने जेवता जेवता, फारसा विचार न करता लिहिली होती.

"विल्मा हसली नाही तर सगळं पुसून टाकीन," तो मला म्हणाला. विल्मा समोरच्या घरातली, शाळेची बस चालवून रिटायर झालेली. तिला हसताना मी तरी पाहिलं नव्हतं.

खेळ बनवणाऱ्यांत एक रीत असते. दुसरा खेळताना बनवणाऱ्याने बोलायचं नाही. विल्मा खेळायला बसली तेव्हा रॉबर्टाने, म्हणजे त्याच्या बायकोने, गोड, चिकट बटर टार्टची बशी त्याच्यापुढे सरकवली. "बोलावंसं वाटलं की एक तोंडात टाक."

स्टेजच्या दाराची किल्ली समोरच बादलीत होती. विल्माने बादली सोडून सगळ्यावर क्लिक केलं. डेल्बर्टने टार्ट उचलला.

तिने रिकाम्या खुर्चीवर क्लिक केलं. "ही माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला येते," विनोदवीर म्हणाला. "एकदा तीही उठून गेली."

विल्माच्या नाकातून काहीतरी आवाज आला. तिने आग विझवायच्या नळकांड्यावर क्लिक केलं.

"राहू दे ते. माझ्या कार्यक्रमात अजून काही पेटलेलं नाही."

विल्माने चष्मा काढला. खांदे हलत होते. डोळे पुसून तिने पुन्हा खुर्चीवरच क्लिक केलं.

"अगं, ती किल्ली घे," रॉबर्टा म्हणाली. "त्याला स्टेजवर जायचंय."

"कशाला? तिथं गेला की विनोद सांगत बसेल मेला. इथंच बरा आहे."

डेल्बर्टने घास गिळला. मला त्याच्याकडे बघवेना.

"खुर्चीचं कळलं ना तुला?" तो म्हणाला. "म्हणजे कसं, की खुर्ची..."

"डेल्बर्ट," रॉबर्टा म्हणाली. त्याने आणखी एक टार्ट तोंडात टाकला.

पुढच्या आठवड्यात त्याने खेळातून स्टेजच काढून टाकलं. बादलीत किल्ली अजून आहे. उचलली की विनोदवीर म्हणतो, "असू दे खिशात. घाई कुठं आहे?"